हातमोजे घेण्याआधी स्टीअरिंगच्या रिमवर हात फिरवून बघा

वाचकाचं पत्र: ‘मी डोंबिवलीत राहतो, वय २७. आठवड्यातल्या चार संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी लीगची दीड तासाची शर्यत, असं माझं सिम रेसिंग (कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यती) चालतं. आधी लॉजिटेक जी२९ स्टीअरिंग होतं. त्याच्या चामड्याच्या रिमवर उघड्या हातांनी कधी त्रास झाला नाही. सहा महिन्यांपूर्वी ५ न्यूटन मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (ज्यात रिम थेट मोटरला जोडलेली असते) आणि ३०० मिमीची सुएडची रिम घेतली. तेव्हापासून अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात फोड येतात. रिमही दोन्ही बाजूंनी काळी, गुळगुळीत झालीय. बाइकचे ग्लोव्ह्ज घालून पाहिले, तर तळवा दुखतो. मग कार्टिंगचे (छोट्या रेसिंग गाड्यांसाठीचे) घेतले. त्यांची उजव्या अंगठ्याच्या टोकाची शिवण तीन महिन्यांत उसवली आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी आली. आता नेमके कोणते घेऊ? महागच घ्यावे लागतील का? अर्ध्या बोटांचे चालतील का? आणि धुवायचे कसे?’

प्रिय वाचक,

रिम काळी आणि गुळगुळीत झाल्याचं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण फोडांचं मूळ तिथेच आहे. सुएड असो की त्याच्यासारखं दिसणारं अल्कान्टारा कापड, त्याची पकड वरच्या बारीक उभ्या तंतूंमुळे असते. उघड्या हाताचा घाम आणि त्वचेचं तेल त्या तंतूंत मुरलं की ते आडवे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि वर चकचकीत थर जमतो. अशी रिम कधी निसटते, कधी एकदम धरून ठेवते. मग हात नकळत जास्त आवळला जातो, आवळलेल्या हाताला जास्त घाम येतो, आणि ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. वरची कातडी रिमला चिकटून राहते, आतलं मांस हाताबरोबर हलतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. बेचक्यात हे आधी होतं, कारण तिथली कातडी पातळ असते आणि घड्याळाच्या ९ आणि ३ वर हात ठेवले की रिमचा बराचसा रेटा तिथेच बसतो.

जी२९ वर हे का झालं नाही, त्याचा हिशेब सोपा आहे. त्याची मोटर जास्तीत जास्त दोन-सव्वादोन न्यूटन मीटर जोर लावते आणि रिम सुमारे २८० मिमीची असते. म्हणजे रिमच्या कडेला, जिथे तुमचा हात असतो तिथे, सुमारे १६ न्यूटन ओढ. वजनाच्या भाषेत १.६ किलो. आताच्या बेसवर ५ न्यूटन मीटर आणि ३०० मिमीची रिम, म्हणजे कडेला ३३ न्यूटन, जवळजवळ ३.४ किलो. दोन हातांत वाटून घेतली तरी प्रत्येक हातावरची ओढ पूर्वीच्या दुप्पट झाली. शिवाय जी२९ सारख्या गिअरवर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये रस्त्याची बारीक थरथर बरीचशी आतच विरून जाते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ती थेट तळव्यापर्यंत पोचते. त्यामुळे हातमोजे घ्यायचा तुमचा निर्णय बरोबरच आहे. पण चकचकीत झालेल्या रिमवर नवे कोरे हातमोजे वापरलेत, तर रिमवरचं तेल त्यांच्या तळव्यात उतरेल आणि पंधरा दिवसांत तेही तसेच होतील. आधी रिम साफ करू.

रिम बेसपासून काढून घ्या. मऊ दातघासणीच्या ब्रशने कोरडीच झटका. पांढरं सुती फडकं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात भिजवून थेंब गळणार नाही इतकं घट्ट पिळा. बोअरिंगच्या जड पाण्याने डाग राहतात, म्हणून फिल्टरचं. फडकं पांढरंच हवं, म्हणजे रंगीत कापडाचा रंग रिमला लागणार नाही आणि किती मळ निघतोय तेही दिसेल. हलक्या हाताने पुसत राहा आणि फडकं काळं झालं की बाजू बदला. एवढ्याने चमक गेली नाही, तर एक लिटर पाण्यात लोकरी कपड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब घालून फेस करा. नुसता फेस फडक्यावर घेऊन पुसा आणि मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढून टाका. बटणांच्या खाचांत पाणी जाऊ देऊ नका. रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मऊ ब्रशने तंतू उभे करा. चपलांच्या दुकानात सुएडसाठी पितळी तारांचा ब्रश मिळतो, तो रिमला लावायचा नाही, त्याने तंतू तुटतात. दोनदा-तीनदा हे केल्यावर बहुतेक रिम सुधारतात. चमकणाऱ्या जागी तंतू उरलेच नसतील आणि खालची वीण दिसत असेल, तर मात्र साफसफाईचा उपयोग नाही. तिथे नवं कव्हर शिवून घ्यावं लागेल.

एक गोष्ट तपासून घ्या. बाजारात ‘सुएड’ म्हणून दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरं सुएड म्हणजे चामड्याची आतली, खरखरीत बाजू. अल्कान्टारा आणि त्याच्यासारखी कापडं पूर्ण कृत्रिम असतात, त्यांत मुख्यतः पॉलिएस्टर आणि बाकी पॉलियुरेथेन. वर सांगितलेली रीत कृत्रिम सुएडसाठी निर्धास्त वापरा. खरं सुएड असेल तर पाणी आणखी कमी, जवळजवळ कोरडंच फडकं.

आता हातमोजे. दुकानात आपण आधी रंग बघतो, मग कंपनी, मग किंमत. आमच्या मते पहिला प्रश्न एकच असावा: या हातमोज्याचा तळवा माझ्या रिमवर कसा बसेल? तोच हातमोजा एका रिमवर उत्तम चालतो आणि दुसरीवर त्रास देतो.

तुमच्या सुएडच्या रिमवर कृत्रिम सुएडचा तळवा सगळ्यात चांगला. दोन्हींचे तंतू एकमेकांत अडकतात, त्यामुळे आवळून धरावं लागत नाही. सिलिकॉनची नक्षी छापलेले तळवे दिसायला झकास असतात आणि पकडही जबरदस्त देतात, पण तळहातभर सिलिकॉन असेल तर प्रत्येक वळणाला ते सुएडचे तंतू एकाच दिशेने ओढत राहतं. रिम लवकर टक्कल पडल्यासारखी होते. बोटांच्या पेरांवर चार-सहा बारीक रेघा असतील तर हरकत नाही, अख्खा तळवा भरलेला नको. याउलट जी२९ सारख्या गुळगुळीत चामड्याच्या रिमवर हेच सिलिकॉनचे ठिपके कामाला येतात. तिथे गुळगुळीत चामड्याचा तळवा घेतला तर थोडी धूळ बसली की दोन्ही सटासट घसरतात. रबर किंवा पॉलियुरेथेनच्या रिमवर सिलिकॉन नकोच. ते इतकं चिकटतं की हात सरकवताना चरचर आवाज येतो आणि तीन-चार महिन्यांत नक्षीचे तुकडे सुटायला लागतात. (तुम्ही ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवणं, करत असाल, तर गणित उलटं होतं. रिम हातातून सहज फिरायला हवी असते, म्हणून तिथे पातळ, गुळगुळीत तळवाच बरा.)

कृत्रिम सुएड की खरं चामडं? शेळीचं चामडं पातळ असूनही टिकाऊ असतं. मेंढीचं फार मऊ, पण बेचक्यात लवकर फाटतं. गाईचं जाड, त्यामुळे बटणं नीट कळत नाहीत. पण कोणतंही चामडं घामाने भिजून वाळलं की त्यातली तेलं निघून जातात आणि ते कडक होतं, आणि ज्या दमट हवेत तुम्ही राहता तिथे त्याला बुरशी पटकन धरते. तुम्हाला घाम येतो, आठवड्याला नऊ-साडेनऊ तास चालवता, म्हणजे मोजे वरचेवर धुवावे लागणार. म्हणून तुमच्यासाठी निवड सरळ आहे: कृत्रिम सुएडचा तळवा, आणि पाठीला ताणणारं जाळीदार कापड. कृत्रिम सुएड धुतल्यावर कडक होत नाही. बोटांच्या मधल्या पट्ट्याही जाळीच्या असतील तर फारच छान, कारण घाम तिथेच जास्त साठतो.

दुकानात ‘एफआयए ८८५६-२०१८’ असा शिक्का असलेले मोजेही दाखवतील. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना. तो शिक्का खरा असेल तर तो आगीपासून संरक्षणाचा आहे, खऱ्या रेसिंग कारमधल्या चालकांसाठी. त्यात नोमेक्ससारख्या आगरोधक कापडाचं अस्तर असतं, त्याचे पैसे मोजायचे आणि वर घाम जास्त. घरच्या सिमसाठी त्याचा काही उपयोग नाही. कार्टिंगचे मोजे या बाबतीत सरस, कारण त्यांत ते अस्तर नसतं. तुम्ही कार्टिंगचे घेतलेत ते योग्यच होतं. बिघडलं ते मापात आणि शिवणीत.

मापाकडे येऊ. बहुतेक जण एस, एम, एल बघून अंदाजाने घेतात आणि तिथेच फसतात. शिंप्याची टेप घ्या. संध्याकाळी मापा, कारण दिवसभरात हात थोडा फुगतो आणि तुम्ही चालवताही संध्याकाळीच. उजवखुरे असाल तर उजवा हात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यापासून बोटांकडे २० मिमी वर, अंगठा सोडून, तळव्याभोवती टेप फिरवा. हा झाला घेर. मग मनगटाच्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी. कामाच्या हातमोज्यांच्या युरोपीय मानकात ७ नंबरचा हात म्हणजे घेर १७८ मिमी आणि लांबी १७१, ८ नंबर म्हणजे २०३ आणि १८२, ९ नंबर म्हणजे २२९ आणि १९२. नंबर म्हणजे साधारण इंचातला घेर, हे लक्षात ठेवलं की पुरे. रेसिंगच्या मोज्यांवरचे नंबर मात्र याच्याशी जुळतीलच असं नाही. काही कंपन्यांचा १० म्हणजे मीडियम असतो. म्हणून नंबरावर न जाता त्या कंपनीच्या तक्त्यातले मिलिमीटर बघा. घेर एका मापात आणि लांबी दुसऱ्यात येत असेल, तर लांबीचं माप धरा. तळवा किंचित सैल असला तरी मनगटाच्या पट्ट्याने आवळता येतो, आखूड बोटाला इलाज नाही.

तुमच्या अंगठ्याची शिवण उसवली त्याचं कारण आम्हाला इथेच दिसतं. मोजा आखूड असेल तर मूठ वळताना अंगठ्याचं टोक आतून शिवणीवर दाबलं जातं. दर गिअरला, दर बटणाला तेच. त्यात नख वाढलेलं असेल तर ते टाक्यांवर कानसीसारखं घासतं. उजव्याच अंगठ्याची शिवण गेली, यावरून त्या हाताने तुम्ही जास्त बटणं दाबता असं वाटतं. दुसरं कारण काढण्याची पद्धत. शर्यत संपली की घामाने चिकटलेला मोजा आपण अंगठ्याच्या टोकाला धरून ओढतो. तसं करू नका. आधी मनगटाचा पट्टा पूर्ण उघडा, मग पाचही बोटांची टोकं थोडी-थोडी, अर्धा सेंटीमीटर, सैल करत न्या आणि सगळी सुटली की मोजा एकत्र ओढा. घालतानाही मनगटाची कड ओढून बोटं आत कोंबायची नाहीत. तसं केल्याने बेचक्याची शिवण ताणते. बोटं आधी बसवा आणि मग दुसऱ्या हाताने बोटांच्या मधल्या फटी दाबत जा.

घालून बघताना दुकानात स्टीअरिंग नसतं. घरून एक इंची सीपीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेऊन जा. त्याचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो, रिमच्या जाडीच्या बराच जवळ. मोजा घालून तो धरा. बोटांची टोकं पुढे टेकता कामा नयेत, पण पुढे २-३ मिमीपेक्षा जास्त मोकळी जागाही नको, नाहीतर रिकामं टोक बटणांवर वळतं. तळव्यात कापडाची चुणी पडते का बघा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत ती चुणी सहज पकडता आली, तर मोजा मोठा. चुणीच पुढे फोड करते, कारण घर्षण एका बारीक रेघेवर गोळा होतं. मग हात पूर्ण उघडा आणि बोटं फाकवा. बेचक्यात ओढ जाणवली तर मोजा लहान. शेवटी मोजा घालूनच टेबलावरून एक रुपयाचं नाणं उचला. जमलं तर रिमवरची बटणं आणि गोल फिरणाऱ्या खुंट्या तुम्हाला नीट कळतील.

नाणं उचलता न येणं हेच तुमच्या बाइकच्या ग्लोव्ह्जचं दुखणं आहे. रस्त्यावर पडल्यावर हात वाचावा म्हणून त्यांच्या तळव्यात दोन थर असतात, कुठे स्पंजही असतो. मूठ वळली की ते थर तळव्यात दुमडून गाठ होते आणि तीच टोचते. सायकलच्या ग्लोव्ह्जमधले जेलचे पॅडही असेच. ते हँडलवर अंगाचा भार टेकवण्यासाठी असतात. सिममध्ये भार टेकवायचा नसतो, स्टीअरिंगची थरथर वाचायची असते. जेल तीच थरथर गिळून टाकतं, आणि मागचं चाक सुटायला लागल्याची चाहूल तुम्हाला उशिरा लागते. क्रिकेटचे बॅटिंग इनर बरेच जण वापरून पाहतात. सुती असल्याने घाम चांगला शोषतात, पण चामड्याच्या रिमवर घसरतात आणि सुएडवर कापसाची लव सोडतात. एखाद्या दिवशी चालतील, कायमचे नकोत.

शिवण तपासायची ती अशी. बोटांच्या टोकांची शिवण बाहेरच्या बाजूला हवी. मोजा उलटा करून बोटांत करंगळी फिरवली तर आत काही टोचायला नको. बाहेरची शिवण दिसायला ओबडधोबड वाटते, पण नखाला लागत नाही आणि पेरांवर वळ उमटत नाहीत. अंगठा तळव्याला कुठे जोडलाय ते बघा. बेचक्याच्या बरोबर मधोमध सरळ शिवण असेल, तर तुम्हाला जिथे फोड येतात त्याच रेघेवर ती बसणार. चांगल्या मोज्यात अंगठ्याला वेगळा तुकडा जोडून शिवण पाठीकडे वळवलेली असते, किंवा बेचक्यावर वरून एक ठिगळ दिलेलं असतं. तुमच्यासाठी हे ठिगळ आम्ही आवश्यक मानतो. तर्जनीच्या आतल्या बाजूला गिअर बदलायचं पॅडल लागतं, तिथेही दुहेरी कापड असेल तर मोजा खूप टिकतो. बोटं आधीच किंचित वाकडी शिवलेली असावीत. सरळ शिवलेल्या बोटांत मूठ वळली की आतल्या बाजूला कापड गोळा होतं.

मनगटाला वेल्क्रोचा रुंद पट्टा असो की नुसतं लवचीक कापड, घरी दोन्ही चालतात. वेल्क्रो आवळून लावायची सवय मात्र सोडा. पट्ट्याखाली करंगळी सरकायला हवी. वेल्क्रोची आकडेवाली बाजू मोकळी राहिली तर तिने रिमच्या सुएडचे तंतू उपटले जातात, म्हणून मोजे काढल्यावर पट्टा लगेच बंद करा.

महाग की स्वस्त? इथे आमचा सल्ला थोडा वेगळा आहे. सिमसाठी म्हणून विकले जाणारे चांगले मोजे काही हजारांना पडतात, आणि माप चुकलं तर पैसे वाया. म्हणून पहिल्या महिन्यासाठी कामगार वापरतात ते विणलेले हातमोजे घ्या: नायलॉनची वीण आणि तळव्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, किंवा कुठल्याही शहरात हार्डवेअर आणि सेफ्टीच्या दुकानांत, शे-दोनशे रुपयांच्या आत जोडी मिळते. विणीवर ‘१३ गेज’ लिहिलेलं असतं, १५ किंवा १८ गेज मिळाले तर ते आणखी पातळ आणि बारीक विणीचे. ‘ईएन ३८८’ या युरोपीय मानकाच्या चिन्हाखाली चार अंक असतात, काहींवर पुढे अक्षरंही. त्यातला पहिला अंक घासण्याला टिकण्याचा, १ ते ४. ४ असलेलेच घ्या. १ म्हणजे चाचणीत १०० घासे सोसले, ४ म्हणजे ८०००. रबराचा सुरकुतलेला जाड थर असलेले लेटेक्सचे घेऊ नका, ते रिमला चिकटतात आणि काहींना लेटेक्सची ॲलर्जीही असते. रंग राखाडी किंवा पांढरा निवडा. काळ्याचा रंग कधीकधी उतरतो.

या मोज्यांची मर्यादाही सांगायला हवी. पॉलियुरेथेनला दमट हवा मानवत नाही. हवेतल्या बाष्पाने त्याच्या साखळ्या तुटत जातात, आणि जुन्या रेक्झिनच्या सोफ्याचे जसे पापुद्रे निघतात तसा तळव्याचा थर सुटायला लागतो, आधी तर्जनीवर. पहिला पापुद्रा दिसला की जोडी टाकून द्या, तो रिमच्या तंतूंत अडकतो. पण तोवर तुम्हाला तुमचं नेमकं माप कळलेलं असेल, मोजे घालून बटणं दाबायची सवय झालेली असेल, आणि घाम किती येतो तेही समजलेलं असेल. मग हजारो खर्च करायचे असतील तर डोळसपणे कराल. आणि याच मोज्यांनी तुमचं काम भागलं, तर पुढे जायची गरजच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवी जोडी घ्यायची, एवढंच.

अर्ध्या बोटांचे तुमच्यासाठी नको. उघडी बोटं म्हणजे रिमवर पुन्हा घाम आणि तेल, म्हणजे आता केलेली सगळी साफसफाई पाण्यात. शिवाय कापलेल्या बोटाची कड नेमकी मधल्या पेरावर येते आणि आवळलेल्या मुठीत तिचा वळ उठतो. चामड्याच्या किंवा रबराच्या रिमवर, मे महिन्याच्या उकाड्यात, कुणाला ते सोयीचे वाटले तर वापरावेत.

धुण्याचं. तुमच्या वापराला दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे, म्हणजे साधारण १८-२० तास चालवल्यावर. वेल्क्रो बंद करा. तीन लिटर कोमट पाण्यात, हाताला जेमतेम ऊब लागेल इतक्याच, एक चमचा ईझीसारखा लिक्विड साबण घाला. मोजे हातात घालूनच साबणाने हात धुतो तसे धुवा, बोटांच्या मधल्या फटी नीट चोळा. पाच मिनिटं भिजू द्या, जास्त नको. तीन पाण्यांतून काढा. साबण आत राहिला तर घामाबरोबर तोच कातडीला खाज आणतो. पिळायचे नाहीत. टॉवेलात गुंडाळून दाबा, मग बोटं उलटी करून आतली बाजू आधी वाळवा, चार-पाच तासांनी सुलटी करा. सावलीत, पंख्याखाली. ब्लीच नको, कपड्यांना मऊपणा आणणारं द्रवही नको, ते कापडावर थर सोडतं आणि तळवा निसरडा होतो. तळवा चामड्याचा असेल तर यातलं काहीच करायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं.

डोंबिवलीच्या जुलैत मोजे वाळायला चोवीस तासही लागतात, म्हणून जोड्या दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. तुमच्या मोज्यांना बुरशी आली ती बहुतेक खेळ झाल्यावर ते तसेच डब्यात किंवा पिशवीत टाकल्यामुळे. दर वेळी वापरल्यावर क्लिपला लावून पंख्याच्या वाऱ्यात टांगा. महिनाभर लागणार नसतील तर पूर्ण वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओलसर मोजे आणि बंद डबा ही बुरशीला आमंत्रणं आहेत, जेल कितीही असलं तरी. वास मारायला अत्तर किंवा डिओ फवारू नका. हातांना पावडर लावून मोजे घालायचीही पद्धत आहे, पण घामाबरोबर तिचा लगदा होतो आणि जाळीतून रिमवर जातो. खेळण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि मग तेल, क्रीम काही लावू नका. टेबल फॅन पायांकडे असतो तो हातांकडे वळवा. इतकी साधी गोष्ट, पण घाम खूप कमी होतो.

आता जे फोड आलेत त्यांना तीन-चार दिवस विश्रांती द्या. फोडू नका, साधी पट्टी लावून झाका. पू झाला, लाली पसरायला लागली किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हात बरे झाले की गेममधला फोर्स फीडबॅकचा गेन (मोटर स्टीअरिंगला किती जोर लावते त्याचं प्रमाण) सध्यापेक्षा दहा टक्के कमी करून आठवडाभर चालवा. बोटं रिमभोवती सैल ठेवायची. सरळ रस्त्यावर मुद्दाम बोटं उचलून बघा, आवळायची सवय किती आहे ते कळेल. अंगठे रिमच्या आत दांड्यात अडकवू नका. ५ न्यूटन मीटर फार मोठा जोर नसला तरी धडकेत रिम झटक्यात फिरते आणि अंगठा मुरगळू शकतो. धडक होणार दिसली की हात सोडा. रिम छातीच्या फार वर असेल तर मनगट मागे वाकून राहतं, त्यानेही तळव्याच्या एकाच भागावर भार येतो. कोपर थोडं वाकलेलं आणि मनगट सरळ राहील इतपत बसण्याची जागा जुळवून घ्या. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी मनगटाचा पट्टा सैल करा. मोजे नसतानाही मुंग्या राहत असतील, रात्री त्यांनी जाग येत असेल, तर तो मोज्यांचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

राहिले तुमचे उसवलेले कार्टिंगचे मोजे. ते टाकू नका. आधी धुवून बुरशी काढा, पूर्ण वाळवा. शिवण उसवली असेल पण कापड फाटलं नसेल, तर घरी होईल. जाड नायलॉनचा दोरा आणि चामड्याची त्रिकोणी टोकाची सुई घ्या. तळवा कृत्रिम सुएडचा असेल तर साधी जाड सुईही चालते. जुने टाके जिथे शाबूत आहेत तिथून एक सेंटीमीटर मागे सुरुवात करा, जुन्याच भोकांतून उलटा टाका घालत जा आणि पलीकडेही एक सेंटीमीटर पुढे जाऊन संपवा. गाठ बाहेरच्या बाजूला मारा. नवी भोकं पाडायची नाहीत, त्याने कापड तिथेच फाटतं. कापडच फाटलं असेल तर चपला शिवणाऱ्या कारागिराकडून बाहेरून पातळ ठिगळ लावून घ्या. माप आखूड आहे हे तरी उरतंच, त्यामुळे लीगच्या शर्यतीला ते घालू नका. नवी जोडी दोरीवर वाळत असेल त्या संध्याकाळी सरावाला वापरा, आणि त्याआधी उजव्या अंगठ्याचं नख कापा.